पाद्र्याच्या बागेचा फोटो

माझ्या शिक्षणाबद्दल मी आजवर पुष्कळांचे आभार मानले आहेत. निवृत्त झालो त्या दिवशी मानले, गावाने सत्कार केला तेव्हा मानले, आणि या पुस्तकाच्या मागच्या प्रकरणांतही नावे घेऊन मानले. आता जे लिहितो आहे ते त्या आभारांत कधी आले नाही. हकीकत लहान आहे. एका बागेचा दोनदा फोटो काढला, एवढीच.

इंदापुरात आम्ही राहत होतो त्या जागेला पाद्र्याची बाग म्हणत. चारेक एकरांचा तुकडा, एक दगडी विहीर, पेरूची आणि अंजिराची जुनी झाडे आणि मधोमध छप्पर नसलेले चर्च. चर्चच्या तीन भिंती उभ्या होत्या. चौथी माझ्या जन्माआधी एका पावसाळ्यात खाली बसली, आणि तिचे दगड तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाटाच्या कडेला लावून टाकले. कमानीतून आत गेले की जिथे पूर्वी माणसे प्रार्थनेला बसत असतील तिथे आमची मेथी आणि कोथिंबीर होती. भिंतींच्या आडोशाने तिथे दुपारचे ऊन कमी लागे, म्हणून उन्हाळ्यातही तिथली कोथिंबीर टवटवीत राही. बाजारात बायका टोपलीशी वाकून विचारत, "पाद्र्याची हाय का? मग दे." चर्चच्या पाठीमागची एक खोली तेवढी शाबूत होती. पाद्री तिथे आपले झगे आणि पुस्तके ठेवत असावा. भिंतीतल्या ज्या कोनाड्यात त्याची पुस्तके असतील तिथे आमची तिखटामिठाची मडकी होती. त्या खोलीत आम्ही तिघे राहत होतो, तात्या, आई आणि मी.

पहाटे मोट सुरू झाली की मला जाग येई. चाकाची कुरकुर, मोट थारोळ्यात रिकामी होतानाचा भसकन येणारा आवाज आणि तात्यांचे बैलांशी चाललेले बोलणे. तात्या माणसांशी फार बोलत नसत, बैलांशी मात्र भावकीपासून बाजारापर्यंत सगळे बोलत. आई तोवर चूल पेटवून हुलग्याचे माडगे चढवी. आमच्या ताटात नेहमी न खपलेली भाजी असे. चांगली वांगी बाजारात जायची, किडकी घरी यायची. आई किडका भाग कापून उरलेल्याचे भरीत करी आणि म्हणे, "किडीला बी चव कळती, ती उगं न्हाय शिरत." मी पुढे मोठ्या शहरांत, मोठ्या लोकांच्या घरी जेवलो. त्या भरताची चव मला आज आठवत नाही. आठवायला हवी, असे मात्र वाटते.

विहिरीजवळच्या पेरूखाली दोन दगड उभे होते, वरून गोल घडवलेले, अक्षरे कोरलेले. मोठा दगड पाद्र्याच्या बायकोचा आणि शेजारचा गुडघ्याएवढा तिच्या मुलीचा. मुलगी दीड वर्षाची होऊन गेली आणि तिच्यामागोमाग आई. दोघींना पुरल्यावर पाद्री काही वर्षे राहिला, मग आपल्या देशी निघून गेला. गावात चार ख्रिस्ती घरे होती, तीही प्लेगात उठून पुण्याकडे गेली. जाताना पाद्र्याने बाग माझ्या आजोबांच्या हाती दिली. तुम्ही पिकवा, खा, फक्त बाग आणि हे दोन दगड नीट ठेवा, असा तोंडी करार होता. पुण्याच्या मिशनच्या कचेरीतला एखादा साहेब दोन-चार वर्षांनी येऊन फाटकातूनच बघून जाई.

माझी आई लग्न होऊन या बागेत आली तेव्हा दगडांना कुंकू तिची सासू लावत असे. तिने आईला दगड दाखवले आणि सांगितले की मडम नवरा जिवंत असताना गेली. आईच्या लेखी तेवढे पुरे होते. नवऱ्याआधी गेली म्हणजे सवाष्ण गेली, आणि तिच्याजवळची ती कुमारिका. दर शुक्रवारी आई विहिरीचे पाणी आणून दोन्ही दगड धुई आणि जिथे कपाळ असावे अशा जागी, वरच्या गोलाच्या जरा खाली, आधी हळद आणि मग कुंकू लावी. लावताना मडमेशी बोलत असे. "आज मेथी तशीच आली बग माघारी. तुज्या गावाला बी असाच बाजार असतो का गं?" मी इंग्रजी वाचायला शिकल्यावर दगडावरची नावे तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "असंल. मी आपली ताई म्हंती. आजवर ती कधी न्हाय म्हनली न्हाय."

मी इंग्रजीच्या वरच्या वर्गात होतो तेव्हा पुण्याहून कचेरीचे पत्र आले. आमच्या घरात पत्र वाचू शकणारा मी पहिलाच, पण इंग्रजी पत्र म्हणून तात्या मला आणि पत्राला घेऊन देवधर मास्तरांकडे गेले. देवधर मास्तर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवत. माझ्या अंगावरचा सदरा त्यांच्या मुलाचा असे आणि हातातले पुस्तकही. त्यांनी चष्मा चढवून पत्र वाचले आणि अर्थ सांगितला. म्हातारा पाद्री अजून जिवंत आहे. त्याला मरण्याआधी चर्चचा, बागेचा आणि दोन्ही थडग्यांचा फोटो बघायचा आहे. तरी फोटो काढून पाठवावा, सोबत बागेच्या स्थितीचे पत्र द्यावे. आणि ही बाग पुढे तुमच्याकडेच ठेवायची की काढून घ्यायची, हेही त्यावरून ठरेल.

"काढून घ्यायची?" तात्यांनी एवढेच विचारले.

"ठरेल असं म्हटलंय, सखाराम. काढतो असं नाही म्हटलेलं."

बाग गेली तर आमची स्वतःची म्हणून वीतभर जमीन नव्हती. बारामतीकडे कॅनॉलवर उसाची कामे निघाली होती, तिकडे इंदापुरातली कितीतरी माणसे बायकापोरांसह गेली होती. आम्हीही गेलो असतो, आणि माझे पुस्तक देवधर मास्तरांच्या फळीवर परत गेले असते.

त्या वेळी इंदापुरात फोटो काढणारे कोणी नव्हते. बारामतीचे बाबूराव फोटोवाले दोन पाट्या अंजिरांच्या बोलीवर यायला तयार झाले. ते सर्व्हिस मोटारीने आले. टपावर कॅमेऱ्याची तिकाटणी आणि एक लांबलचक गुंडाळी बांधलेली होती. गुंडाळी उलगडली तेव्हा तो रंगवलेला पडदा निघाला. त्यावर राजवाडा, तळे आणि तळ्यात दोन हंस. बाबूरावांनी कमानीच्या दोन्ही बाजूंना खुंट्या शोधायला सुरुवात केली.

देवधर मास्तर मुद्दाम हजर राहिले होते. ते म्हणाले, "अहो बाबूराव, हे काय करताय?"

"पडदा लावतोय. ही पडकी भित्ताडं झाकाय नकोत? इलायतंला जानार फोटू."

"त्याला ही भिंतच बघायची आहे. त्यानंच बांधलेलं चर्च आहे ते."

"पडलेलं बगून म्हातारा रडंल, मास्तर. हंस बगून जरा बरं वाटंल."

"गुंडाळा तो पडदा."

बाबूरावांनी गुंडाळला, पण दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला होता. काळ्या कापडाच्या आत डोके घालून ते म्हणत होते, "फोटू काढावा तर नटवून काढावा. आजारी मानसाचा बी फोटू काढताना आमी केस इंचरतो."

नटवायचे काम आईने आधीच केले होते. पहाटे उठून तिने जुन्या कुंकवाची जागा सोडून दोन्ही दगड चिंचेने घासले. एरवी बोटाच्या टोकाएवढे लावायची ते कुंकू त्या दिवशी तिने रुपयाएवढे लावले, खाली हळदीची बोटे ओढली आणि दोघींना शेवंतीची माळ घातली. तात्यांनी धुतलेला पटका बांधला आणि दगडांच्या बाजूला खुरपे घेऊन उभे राहिले. आई फोटोत आली नाही. कमानीआडून म्हणाली, "ताईचं नीट येऊ द्या म्हंजी झालं." बाबूरावांनी भिंगावरचे झाकण काढले, हवेत बोट नाचवत एक दोन तीन मोजले आणि झाकण लावले. त्या वेळी फोटो आधी काचेवर उठे; एक काच चर्चची, एक दगडांची.

आठ दिवसांनी फोटो आले. आम्ही ते चुलीपुढे बसून पाहिले. आईने पदराला हात पुसून फोटो कडेने धरला आणि तिचे तोंड उजळले. "कसं ठसठशीत उठलंय बग कुंकू." तात्या वाकून म्हणाले, "उठलंय खरं." मीही पाहिले आणि मलाही ते लालभडक कुंकू दिसले. हे मी आज पुन्हा तपासून लिहितो आहे. फोटो काळापांढरा होता. त्या काळच्या काचेवर लाल रंग काळा उमटे. आमच्याकडे फोटोतल्या प्रत्येक बाईच्या कपाळावर काळा ठिपका असे आणि आम्ही सगळे त्याला कुंकू म्हणूनच बघत होतो. मास्तरांनी पाहिला, त्यांनाही काही वेगळे दिसले नाही. कोणालाच नाही.

सोबतचे पत्र मी लिहिले. चर्चच्या भिंती, झाडे, विहीर याबद्दल लिहून झाल्यावर मी एक वाक्य घातले होते की माझी आई दर शुक्रवारी दोन्ही दगडांना कुंकू लावते. मास्तरांनी त्या वाक्यावर आडवी रेघ मारली. "हे नको. पूजाअर्चा म्हटली की मिशनवाले बिथरतात. विचारलेलं नाही ते सांगू नये." त्यांचा हेतू चांगला होता. त्यांचा हेतू माझ्याबाबतीत कधीच वाईट नव्हता. मी वाक्य गाळून पत्र पुन्हा सुवाच्य लिहिले आणि फोटोंसह पुण्याला पाठवले.

महिन्याभरात उत्तर आले. कचेरीत नवा साहेब होता, नुकताच परदेशातून आलेला. त्याने लिहिले होते की फोटो मागणीनुसार वृद्ध पाद्र्याकडे रवाना केले आहेत, परंतु थडग्यांची अवस्था पाहून अत्यंत खेद झाला. दोन्ही थडग्यांवर डांबर किंवा तत्सम काळा पदार्थ फासण्यात आला आहे. ज्यांच्यावर राखणीची जबाबदारी आहे त्यांच्या डोळ्यांदेखत ही विटंबना व्हावी याचे आश्चर्य वाटते. दगड ताबडतोब स्वच्छ करून नवा फोटो पाठवावा. नाताळाआधी आमचा माणूस येऊन पाहील. दगडांवर पुन्हा काही आढळल्यास बाग तुमच्याकडे राहणार नाही.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचले. मी म्हणालो, "मास्तर, ते कुंकू आहे असं कळवू या. लाल असतं, मान म्हणून लावतात, असं."

"शिवराम, डांबर असलं तर तो फक्त रागावेल. कुंकू म्हटलंस तर म्हणेल ख्रिस्ती थडग्यावर मूर्तिपूजा चालवलीत. मग एक दिवस ठेवणार नाही." त्यांनी पत्राची घडी घातली. "तुला मॅट्रिक व्हायचंय ना?"

मी होकाराची मान हलवली.

बाबूरावांना बोलवायला मी बारामतीला गेलो. त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर नवरा-बायकोंचे फोटो टांगलेले होते, खुर्चीत नवरा, मागे उभी बायको. मी बाकावर बसून वाट पाहत होतो आणि एकाएकी मला त्या सगळ्या बायकांच्या कपाळावर काळे डाग दिसले. सगळ्यांच्या. मी डोळे मिटून उघडले, तरी डागच. त्यानंतर आयुष्यभर काळ्यापांढऱ्या फोटोत मला कुंकू दिसलेले नाही.

बाबूराव ऐकून म्हणाले, "हात्तिच्या, एवडंच? ती काच हाय माज्याकडं. पेन्शिल फिरवतो, डाग गायब. देवीचे वन घालवतो मी नवरीच्या तोंडावरचे, हे तर काय. तुज्या आईला सांगू बी नगंस."

"साहेबाचा माणूस बघायला येणार आहे, बाबूराव."

"मग इलाज न्हाय," ते म्हणाले. पेन्सिल त्यांनी कानावर परत ठेवली. "मग पुसायलाच लागनार."

आईला तात्यांनी सांगितले. रात्री नव्हे, दिवसा, वाफ्यात पाणी धरताना, जसे उद्याच्या बाजाराचे सांगावे तसे. ती आधी हसली. "डांबर? आंधळा हाय का त्यो?" मग तिला पुढचे समजले. तिने हातातले खुरपे खाली ठेवले.

"सवाष्णीचं कुंकू मी पुसू व्हय?"

तात्यांनी वाफ्याचे तोंड मातीने बंद केले.

"तिचा न्हवरा तितं जित्ता हाय म्हंता. त्याच्या मागं हितं तिचं कपाळ पुसायचं? कुनी सांगितलं तरी मी न्हाय. तुमी पुसा. तुमचं हात धजत असतील तर पुसा."

तात्या उठले, बादली भरली, पेरूखाली गेले. मी बघत होतो. त्यांनी फडके ओले केले, पिळले, पुन्हा ओले केले. मग बादली तशीच ठेवून ते बैलांकडे गेले आणि नसलेली गोचीड काढत बसले.

मी पुसले. तात्यांनी सांगितले नाही, आईने सांगितले नाही. मी पुस्तक मिटून खोलीतून बाहेर आलो आणि राख, चिंच आणि काथ्या घेऊन बसलो. ते काम सोपे नव्हते. किती वर्षांचे थर होते. वरचे ताजे लाल पाण्याबरोबर वाहून गेले. खालचे काळपट, तेलकट, सालपटासारखे निघाले. त्याच्याखाली पिवळे होते, त्याच्याखाली पुन्हा लाल. ते माझ्या आजीच्या हातचे असणार. बोटे लाल झाली, नखांत गेले. अर्ध्या दिवसाने दगड उघडा पडला. कुंकवाखाली एक लहानसे कोरीव फूल निघाले, ते आमच्यापैकी कोणीच कधी पाहिलेले नव्हते. मला वाईट वाटले का, असे माझ्या मुलीने एकदा विचारले. खरे सांगायचे तर काही वाटले नाही. हात चालत होते. दुसऱ्या दिवशी भूमितीची परीक्षा होती आणि मी दगड घासताना मनात प्रमेय म्हणत होतो.

बाबूराव आले, मुकाट्याने कॅमेरा लावला, मुकाट्याने काच बदलली. पडदा आणला नव्हता. तात्या फोटोत उभे राहिले नाहीत. सोबतच्या पत्रात मी लिहिले, डागांबद्दल आम्ही दिलगीर आहोत, ते काढून टाकले आहेत, पुन्हा पडणार नाहीत. मास्तरांना त्यात काहीच दुरुस्त करावे लागले नाही. त्यांनी पाठ थोपटली.

नाताळाआधी कचेरीचा माणूस आला, दगडांवरून हात फिरवून गेला. बाग आमच्याकडे राहिली. आई शुक्रवारी दगडांकडे जाईनाशी झाली. विहिरीवरून घागर आणताना ती पेरूखालून यायची, ती आता अंजिरांकडून वळसा घेऊन येऊ लागली. मला ती रागावली नाही. मला पूर्वीसारखेच वाढी, डोक्याला तेल लावी. मडमेशी बोलायची ते बोलणे मात्र तिने आमच्यापैकी कोणाकडे वळवले नाही. पहाटे फक्त तात्या आणि बैल.

मॅट्रिकची परीक्षा जवळ आली होती तेव्हा एका दुपारी पोस्टमनने मला बागेच्या फाटकाशीच गाठले आणि परदेशी तिकिटाचे पाकीट हातात दिले. वर माझे नाव होते, माझ्या पत्राखालचे. आतले पत्र मराठीत होते. थरथरते पण वळणदार बालबोध अक्षर, जुन्या माणसांसारखी भाषा. मला ते आजही पाठ आहे, कारण ते लहान आहे.

"पुण्याहून दोन्ही वेळच्या तसबिरी पोचल्या. पहिल्या तसबिरीत माझ्या पत्नीच्या व कन्येच्या शिळेवर कुंकू दिसले. आपल्या गावी मी सोळा वर्षे काढली, म्हणून ओळखले. ती तसबीर मी उशाशी ठेविली आहे. दुसरीत कुंकू नाही. लावणारी बाई वारली काय? असे असल्यास फार दुःख होईल. कळवावे."

मी फाटकाला टेकून ते दोनदा वाचले. आईला वाचून दाखवले असते तर ती त्याच पावली कुंकवाचा करंडा घेऊन पेरूखाली गेली असती. तिला कोणी थांबवू शकले नसते. आणि पुण्याचा साहेब तोच होता, त्याची अटही तीच होती, आणि माझी परीक्षा महिन्यावर आली होती. हा विचार करायला मला फार वेळ लागला नाही. तिथेच, शाळेच्या वहीचा कागद फाडून, मी उत्तर लिहिले. बाई हयात आहे, प्रकृती ठीक आहे, आपला आशीर्वाद असावा. पुसले का, कोणी पुसले, हे त्याने विचारले नव्हते. विचारलेले नाही ते मी सांगितले नाही.

पत्र सदऱ्याच्या आत घालून मी आत गेलो. आई कमानीखाली बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. दातात धरलेली केळीच्या सोपाची दोरी काढून तिने विचारले, "शिवा, कुनाचं रं पत्र?"

"शाळेचं," मी म्हणालो, आणि तिच्यासमोर बसून जुड्या बांधू लागलो.